कॅमेऱ्याला हललेलं काय दिसतं?

आम्ही ऊसपट्ट्यातल्या एका प्रभागसंघातून बोलतोय. गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या गटांच्या बैठकींत कर्जाच्या हप्त्यांखालोखाल कशावर बोलणं झालं असेल, तर ते कॅमेऱ्यांवर.

कॅमेरे आपल्याला नवे नाहीत. पंचायतीच्या दारात, दूध डेअरीवर, मंदिरासमोर ते कधीचे बसलेत. पण ते नुसतं चित्र साठवायचे. चोरी झाली की मागचं काढून बघायचं, एवढाच त्यांचा उपयोग. आता जे येतायत ते वेगळे आहेत. समोर काही हललं की ते काय आहे हे हे कॅमेरे स्वतःच ठरवतात, आणि फोनवर निरोप पाठवतात किंवा भोंगा वाजवतात. आमच्याकडे ते बिबट्यासाठी येतायत. जुन्नर भागात काही ठिकाणी बसलेसुद्धा. तिकडे चंद्रपूरला ताडोबाच्या कडेच्या गावांत वाघासाठी बसले. ऊसात बिबटीण पिल्लं घालते, रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला माणूस शेतात जातो, अंगणातून लेकरं गेल्याचं आपण सगळ्यांनी ऐकलंय. तेव्हा हे यंत्र नको असं आमच्यातली एकही बाई म्हणाली नाही.

पण एका आजींनी बैठकीत विचारलं, "त्याला बिबट्या कळतो म्हणता. मग मी कळते का? आणि कळले तर कुणाला सांगतो तो?" या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच पटकन देता आलं नाही. म्हणून आम्ही माहिती गोळा केली. तीच आज सांगतोय.

व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटो, साधारण सेकंदाला पंचवीस. तासाला नव्वद हजार झाले. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा एका कॅमेऱ्याचे दहा लाख ऐंशी हजार फोटो. एवढे बघत बसायला माणूस कुठून आणणार? म्हणून बघण्याचं काम यंत्रावर सोपवलंय.

यातला एक फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समजा. आपण दारात एकवीस ते अकरा ठिपके घालतो. चांगल्या कॅमेऱ्याच्या रांगोळीत एका ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी. म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा आकडा असतो. काळाकुट्ट असेल तर ०, पांढराशुभ्र असेल तर २५५. रंगीत चित्र असेल तर लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. यंत्राला ना ऊस दिसतो ना बांध, त्याच्यापुढे हे आकडे असतात.

हालचाल ओळखायची जुनी रीत अगदी आपल्या गटाच्या वहीसारखी आहे. कालची शिल्लक आणि आजची शिल्लक ताडून बघायची. आधीच्या फोटोतले आकडे आत्ताच्या फोटोतून वजा करायचे. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर तिथे काही हललं नाही. मोठा आकडा उरला तर काहीतरी बदललं. बस, एवढंच.

आता तुम्हीच सांगा, शेतात न हलणारं काय असतं? वाऱ्यानं ऊस सळसळतो. ढगाची सावली सरकते. दोरीवरचं लुगडं फडफडतं. वजाबाकीला हे सगळं सारखंच. रात्री तर आणखी मजा. अंधारात बघायला कॅमेरा स्वतःचा एक उजेड टाकतो, इन्फ्रारेड म्हणतात त्याला. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्या उजेडात काचेजवळून गेलेला पतंग चित्रात केवढा तरी मोठा दिसतो. आमच्याकडच्या एका डेअरीच्या कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं, तर सचिवांचा फोन रात्रभर वाजत होता. पाऊस लागला की विचारूच नका.

म्हणून पुढची रीत निघाली. यंत्र आधी रोजचा देखावा मनात धरतं. बांध इथे, खांब इथे, गोठा इथे. मग त्या देखाव्यात जे बसत नाही तेवढंच बाजूला काढतं. देखावा थोडाथोडा बदलत ठेवतं, कारण सकाळचं ऊन दुपारी नसतं. पण यातही एक खोच आहे, ती नीट ऐका. एखादी गोष्ट बराच वेळ हललीच नाही, तर यंत्र तिलाही देखाव्यातच धरतं. बिबट्या तर दबा धरून बसणारं जनावर. तो अर्धा तास बांधाआड बसला, तर या रीतीच्या हिशेबी तो बांधच होऊन बसतो.

इथे ते डीप लर्निंग येतं. शब्द मोठा आहे, गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पोरीला रानभाजी ओळखायला आपण कशी शिकवतो? कुर्डूची व्याख्या सांगत नाही. रानात नेतो, हे कुर्डू, हे नाही, असं दाखवत राहतो. ती चुकते, आपण सांगतो. दोन पावसाळ्यांत तिचा डोळा बसतो. यंत्रालाही हजारो-लाखो फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोत माणसानं आधीच चौकट काढून नाव लिहिलेलं असतं, हा कुत्रा, ही गाय, हा माणूस. यंत्र अंदाज करतं, चुकलं की त्याच्या आतले लाखो आकडे किंचित-किंचित सरकवले जातात, मग पुन्हा अंदाज. हे आकडे थरांवर थर असे रचलेले असतात, म्हणून 'डीप', खोल. पहिल्या थरांना नुसत्या कडा आणि रेषा कळतात, पुढच्यांना गोलाई, ठिपके, कान, शेपटी, आणि शेवटी सगळं मिळून जनावर. बसलेला बिबट्याही मग आकारावरून कळू शकतो, हलायची वाट बघावी लागत नाही. काही यंत्रं एका फोटोवर न थांबता सलग अनेक फोटो एकत्र बघतात. जागच्या जागी डोलणारा ऊस आणि एका बाजूनं दुसरीकडे जाणारा जीव यांतला फरक त्यांना त्यामुळे कळतो.

बऱ्याच ठिकाणी दोन्ही रीती जोडून वापरतात. आधी स्वस्तातली वजाबाकी. तिनं काही हललं म्हटलं, तरच तेवढा तुकडा हुशार यंत्रापुढे. वीज आणि नेट दोन्ही वाचतं.

मग प्रश्न उरतो, याला शिकवलं कुणी आणि काय? जगात अशी यंत्रं शिकवायला फोटोंचे काही मोठे साठे वापरतात. त्यातला एक फार प्रसिद्ध साठा 'कोको' नावाचा, २०१४ साली निघालेला. त्यात ऐंशी प्रकारच्या वस्तू आणि प्राणी आहेत. त्या यादीत जिराफ आहे, झेब्रा आहे, बर्फावरून घसरायच्या पट्ट्या आहेत. शेळी नाही. म्हैस नाही. बिबट्याही नाही. गाय आहे म्हणून बरं! नुसत्या त्या साठ्यावर शिकलेलं यंत्र आमच्या बांधावर आणून ठेवलं, तर ऐंशी नावांपलीकडचं नाव त्याच्याकडे नसणारच. ते बिबट्याला मांजर म्हणेल, कुत्रा म्हणेल, नाही तर गप्प बसेल. बिबट्यासाठी त्याला बिबट्याचेच फोटो दाखवून पुन्हा शिकवावं लागतं, तेही रात्रीचे, ऊसातले, अर्धवट दिसणारे.

आमच्या गावात चाचणी होती तेव्हा आम्ही सात-आठ जणी मुद्दाम बघायला गेलो. पडद्यावर कुत्र्याभोवती चौकट आली, मोटारसायकलभोवती आली. सरळ चालणाऱ्या पोरांभोवती 'माणूस' अशी चौकट आली. मग आमच्यातली एक डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन वाकून चालत गेली. चौकट आलीच नाही! दुसरी गवत कापायला उकिडवी बसली, तरी नाही. सगळ्या हसल्या. पण बिबट्या बहुतेक वेळा वाकलेल्या, बसलेल्या माणसावरच झडप घालतो, जनावर समजून. तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बसवणाऱ्या पोराला आम्ही सांगितलं, बाबा, भारा घेतलेल्या बाईचे फोटो दाखव तुझ्या यंत्राला. त्यानं लिहून घेतलं.

आणखी एक कळ आहे, ती पंचायतीत कुणीतरी माहीत करून घेतलीच पाहिजे. यंत्र कधीच "बिबट्या आहे" असं ठामपणे म्हणत नाही. ते म्हणतं, शंभरात साठ खात्री, शंभरात नव्वद खात्री. भोंगा कितीला वाजवायचा हे माणूस ठरवतो. आकडा खाली ठेवला तर वासरू दिसलं तरी भोंगा, आणि चार रात्रीत लांडगा आला रे आला अशी गत होऊन कुणी दारही उघडत नाही. वर ठेवला तर खरा बिबट्या निसटून जातो. हा आकडा सगळीकडे एक चालत नाही. शाळेजवळ तो खाली हवा, थोडे खोटे भोंगे सोसू. शिवारात दूर थोडा वर चालेल.

नीट बसवलं तर हे काम करतं, हेही सांगायला हवं. तामिळनाडूत कोइम्बतूरजवळ मदुक्करै इथे रेल्वेमार्ग हत्तींच्या वाटेतून जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे एकाच रात्री रेल्वेखाली तीन हत्ती मेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वनखात्यानं तिथे बारा मनोरे उभे करून साधे आणि अंगाची उष्णता बघणारे असे दोन्ही कॅमेरे लावले. हत्ती रुळांकडे सरकला की यंत्र ओळखतं, नियंत्रण कक्षाला निरोप जातो, तिथून रेल्वेला आणि वनरक्षकांना. त्यांचं काम आपल्यापेक्षा सोपं आहे खरं. हत्ती लपत नाही, आणि रुळावर कुणी धुणं धूत नाही.

आता आजींच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येऊ. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेत, कॅमेरा ट्रॅप. समोरून ऊबदार काहीतरी हललं की ते आपोआप फोटो काढतात. वाघ मोजायला लावलेले. पण जंगलात वाघ एकटा नसतो. तिथल्या बायका सरपणाला, गवताला रोज जंगलात जातात. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक त्रिशांत सिमलाई चौदा महिने त्या भागात राहिले, २७० माणसांशी बोलले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. त्यात लिहिलंय की एक बाई शौचाला बसलेली असताना कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढला, तो तात्पुरत्या कामावरच्या पोरांच्या हाती लागला आणि त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर फिरवला. ती उपेक्षित समाजातली. चिडलेल्या गावकऱ्यांनी आसपासचे कॅमेरे मोडले, जाळले.

आम्हाला सगळ्यात लागलं ते याच्या पुढचं. तिथल्या बायका जंगलात मोठ्यानं बोलत, गाणी म्हणत चालायच्या. वाघाला चाहूल लागावी म्हणून, आणि मन मोकळं करायलाही. घरी दारुडा नवरा, सासरचा जाच, यातून सुटायची तीच चार तासांची जागा. कॅमेरे आल्यावर त्या हळू बोलायला लागल्या, गाणं थांबलं, काही जणी ओळखीची वाट सोडून दाट, अनोळखी जंगलात शिरायला लागल्या. संशोधकांशी मैत्रिणींच्या या सोबतीबद्दल भरभरून बोललेली एक बाई पुढे वाघाच्या हल्ल्यात गेली. तिच्या मरणाला कॅमेरा कारण झाला असं कुणी म्हटलेलं नाही आणि आम्हीही म्हणत नाही. पण वाघासाठी लावलेल्या यंत्रामुळे वाघापासून जपायची आपली रीतच बायकांनी सोडावी, हे ऐकून बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

या क्षेत्रातला एक मोठा माणूस आहे, जोसेफ रेडमन. हलत्या चित्रातल्या वस्तू झटपट ओळखणारी 'योलो' नावाची रीत २०१५ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली. आज कितीतरी कॅमेऱ्यांत तिचीच भावंडं आहेत. त्यानं फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलं की हे संशोधन आपण थांबवलं, कारण त्याचा लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणावर येणारी गदा आपल्याला दुर्लक्षून चालेना. म्हणजे बघा, बनवणाऱ्यालाच घोर लागला.

आमच्या पंचायतीनं चार जागा सुचवल्या होत्या. शाळा, स्टँड, पाणंद आणि ओढ्यावरची धुण्याची जागा. पहिल्या तिन्हींना कुणाची हरकत नव्हती. ओढ्यावरून मात्र आमच्या महिला सभेतच दोन तट पडले. बिबट्या पाण्यावर येतो, तिथूनच एकीची शेळी गेली, ती म्हणाली, "कॅमेरा तिथेच पाहिजे, लाज कसली, जीव आधी." तरुण मुली म्हणाल्या, आम्ही तिथे पाय धुतो, केस धुतो, पहाटे त्याच वाटेनं काही बायका अजून परसाकडला जातात. दोघींचंही खोटं नव्हतं.

मग कळलं की हे दोन्ही बसवता येतं. एक तर कॅमेऱ्याचं तोंड पाण्याकडे न ठेवता ऊसाच्या कडेकडे वळवता येतं. बिबट्या येणार तो ऊसातूनच, तिथेच तो आधी दिसला तर वेळही जास्त मिळतो. दुसरं, चित्राचा नको तो भाग कॅमेऱ्यातच काळ्या पट्टीनं झाकता येतो, म्हणजे तो साठतच नाही. पट्टी नंतर फोनवरून नुसती वर चढवलेली नको, साठवण्याआधीच घातलेली हवी, हे विचारून घ्या. तिसरं, कशाचा निरोप पाठवायचा ते निवडता येतं. आमच्याकडे 'माणूस' ही खूणही चालू ठेवली होती. का, तर म्हणे फुकट येते. आम्ही म्हटलं, ओढ्यावर माणसाचा निरोप कुणाच्या फोनवर जाणार आणि कशाला? ती बंद केली. शाळेच्या कॅमेऱ्यावर रात्री चालू ठेवली, तिथे ती उपयोगाची आहे.

कायदाही थोडा माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल दिलाय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि बाईच्या खासगी क्षणाचे फोटो काढणं, पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळेला किमान एक वर्षाची कैद आहे. पण गुन्हा झाल्यावर ठाण्यात जाण्यापेक्षा कॅमेरा बसायच्या आधी महिला सभेत बोलणं सोपं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असतेच. तिच्या इतिवृत्तात लिहून घ्या की तोंड कुठे, पट्टी कुठे, चित्र किती दिवस ठेवणार, कुणाच्या फोनवर दिसणार.

शेवटच्या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. पासवर्ड सध्या दोघांकडे आहे आणि दोघेही पुरुष आहेत. ग्रामसंघाची एक बाई त्यात असावी असा ठराव आम्ही दिलाय. "बायकांना त्यातलं काय कळतंय" असं एक सदस्य म्हणाले. त्यांना आम्ही ठिपक्यांच्या रांगोळीपासून सगळं सांगितलं. ठराव पुढच्या सभेत घेतो म्हणालेत.

एका श्रोत्या ताईंनी फोन करून विचारलं होतं की कॅमेऱ्यात आपलं बोलणंही जातं का. पुष्कळ कॅमेऱ्यांत माइक असतो, आणि तो चालू की बंद हे बाहेरून बघून कळत नाही. बसवणाऱ्याला फोनवर ती जागा उघडून दाखवायला सांगा. आमच्या ओढ्यावरच्या कॅमेऱ्याचा माइक चालू होता. तो आम्ही समोर उभं राहून बंद करून घेतला. दुसऱ्या दिवशी धुणं धुताना एकीनं मुद्दाम कॅमेऱ्याखाली उभं राहून सासूची सगळी गाऱ्हाणी मोठ्यानं सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत तरी ती घरी पोहोचली नव्हती.